परभणीला एलिया थांबला तेव्हा

परभणीला एलिया निर्मळ ऐन गाण्यात थांबला.
दोन मात्रा. फार तर अडीच.
पुढं निघून गेलेल्या गिटारवाल्यानं मागं वळून पाहिलं,
मोटारसायकलची मागची सीट अचानक हलकी लागावी तसं.
मग ठाप पडली
आणि गाणं जागेवर आलं.

यावर आम्ही चौघं तीन महिने भांडतोय.
जालन्याच्या एमआयडीसीत, माझ्या वजनकाट्याशेजारच्या टपरीवर,
भंगाराचे ट्रक रांगेत उभे असताना.

दिगंबर लहाने म्हणतो, विसरला. विषय संपला.
एकाहत्तर वय, मनगटाला क्रेप बँडेज,
दोन ड्रम तर आता घरीच ठेवून येतो.
ज्या गाण्यात ब्याण्णव साली त्याचा पाय असा चालायचा
की पुढच्या रांगेत चहाच्या कपात तरंग उठायचे,
त्याच गाण्यात आता भाचा लोकांकडून टाळ्या मागतो.
‘अन् तुम्ही दोनशे रुपये देऊन जायलात!’
दिगंबरनंही दिले होते. तिन्ही वेळा.

सादिक वेल्डर बशीत चहा ओततो, फुंकत नाही.
‘दिग्या, उनो भूले नै. उनो रुके.
भूलना अलग, रुकना अलग.’
त्याच्याकडे ‘भट्टी’ बँडची जुनी कॅसेट आहे,
बहिणीच्या लग्नातल्या कव्वालीवर चुकून भरलेली.
दोन गाण्यांच्या मध्ये कुणीतरी अजून वरमाईला हाक मारतं.
तीत एलिया कुठंच थांबत नाही, गाणं संपल्यावरसुद्धा.
इतकं वाजवायचा, सादिक म्हणतो,
की बाकी काही ऐकू येत नव्हतं,
आणि आपल्याला तेच पाहिजे होतं.

करुणा पंडागळे अंबडला गणित शिकवते.
जुना एलिया तिनं पाहिलेला नाही,
म्हणून तिचं मत आम्ही धरत नाही,
म्हणून सगळ्यात जास्त तीच बोलते.
‘तुम्ही ऐकायला जातच नाही, काका.
तुम्ही तुमचे केस परत मागायला जाता.’
दिगंबरनं टोपी नीट केली.

मग लातूर.
ती जागा जवळ आली, चौघांनी श्वास धरला,
आणि एलिया सरळ निघून गेला,
फाट्यावर हात करणाऱ्यांसमोरून विनाथांबा एसटी जावी तसा.
दिगंबर म्हणाला, बघा, मुद्दाम असतं तर इथंही थांबला असता.
सादिक म्हणाला, बघा, विसरणारा असता तर इथंही विसरला असता.
परतीच्या गाडीत मुरुडपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही.
मग करुणा म्हणाली, मला तर आज करमलंच नाही.

जालन्याचा कार्यक्रम झाल्यावर
मी मागच्या दारानं गेलो.
भाचा झांजा गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवत होता.
‘परभणीला? काठी सटकली असंल घामानं.
नाहीतर मामीचा फोन थरथरला असंल खिशात.
मामालाच विचारा की, तो काय, पुढं बसलाय.’

पुढं एलिया बसला होता.
बूट काढलेले, उजवा पाय मांडीवर घेतलेला,
आणि डाव्या हातानं मोसंबी सोलत होता.
साल तुटू न देता, खूप वेळ लावून.
मी खिडकीशी उभा राहिलो.
त्यानं एक फोड माझ्यापुढं केली.
मी खाल्ली. बी कुठं थुंकावी कळेना,
तोंडातच ठेवली.
‘काय करता तुम्ही?’ त्यानं विचारलं.
वजन करतो, म्हणालो.
‘कशाचं?’
लोखंडाचं.
तो हसला, की त्याला ऐकू आलं नाही, कोण जाणे.
टेम्पो सुरू झाला.

तिघांना मी सांगितलं, भेट झाली नाही.

रात्रपाळीला ट्रक काट्यावर चढतो,
आकडा थरथरत राहतो, वर, खाली,
आणि ड्रायव्हर ओरडतो, लिही की लवकर.
मी त्याला इंजिन बंद करायला लावतो.

दिगंबरनं बीडची चार तिकिटं काढलीत.
माझे दोनशे अजून द्यायचेत.